जुनेर जपावे बियाण्यासारखे



बियाण्याची साठवण हा माझ्या नोकरीतला नेहमीचा विषय. गावात सभा ठरली की मी सांगत आलो : ज्वारी दाताखाली कटकन् फुटेपर्यंत वाळवा, पोती भुईवर टाकू नका, खाली फळ्या घाला, भिंतीपासून हातभर दूर ठेवा, प्रत्येक पोत्याला चिठ्ठी बांधा, पंधरा दिवसांनी आत हात घालून पाहा. अठ्ठावीस वर्षे मी हे लोकांना सांगितले. आणि माझ्या स्वतःच्या घरात, माझ्या आईने जन्मभर साठवलेले एक बोचके मी कसे ठेवले, ते आज तुम्हांला सांगणार आहे. त्या बोचक्यात धान्य नव्हते. गोधडीसाठी राखलेले जुनेर होते.

माझे गाव माण तालुक्यातले. आमच्याकडे गोधडीला वाकळ म्हणतात. आई जुने कापड कधी टाकत नसे. तिची विरलेली लुगडी, वडिलांची धोतरे आणि पटके, बहिणीचे परकर, खणाच्या चोळ्यांचे उरलेले तुकडे, सगळे धुऊन ती बोचक्यात बांधून ठेवी. "नातवंडांच्या वाकळांला हुईल," एवढेच म्हणे. पाच वर्षांपूर्वी ती गेली. माझी नोकरी तेव्हा कोकणात होती. दिवसकार्य उरकून घाईने परत जायचे, म्हणून मी ते सगळे कापड खताच्या दोन रिकाम्या पिशव्यांत कोंबले, तोंडे सुतळीने आवळली आणि धान्याच्या खोलीत कोपऱ्याला, भुईवर, मातीच्या भिंतीला टेकवून ठेवून दिली. पुढे ज्वारीची पोती लावली. प्लॅस्टिकची पिशवी आहे, पाणी लागणार नाही, असे मनाशी म्हटले आणि विसरलो.

गेल्या वर्षी थोरली मुलगी बाळंतपणाला यायची होती. सौ. म्हणाली, "अहो, आईंचे बोचके काढा की. बाळाची दुपटी त्यातलीच शिवू."

पोती बाजूला केली. पहिली पिशवी उचलली तर तिचा तळ भुईला चिकटून राहिला. वाळवी खालून आत शिरली होती. निम्म्या कापडाची माती झाली होती. दुसऱ्या पिशवीत उंदराचे घर होते, आणि जे उंदराने सोडले होते त्यावर काळे ठिपके पडून कुबट वास सुटला होता. वीसएक लुगड्यांतली धड अशी तीन निघाली. बाकीच्यांचे काठ तेवढे ओळखता येत होते. हे हिरवे आई पंढरीला जाताना नेसायची, हे बहिणीच्या लग्नातले, असे म्हणत म्हणत मी एकेक तुकडा बाजूला ठेवत होतो.

गावात वाकळा शिवणाऱ्या एक आक्का आहेत. पंचाहत्तरीच्या पुढच्या. त्या दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "आरं, तू लोकांस्नी बी राखाय शिकवतोस न्हवं? मग ह्येबी बीच व्हतं की."

त्यांच्या म्हणण्याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी अशी बोचकी असतील. माळ्यावर, कोठीत, पलंगाखाली, आणि कुणाला आठवणही नसेल. म्हणून बियाण्याच्या साठवणीचे नियम जुनेराला कसे लावायचे, ते आक्कांकडून शिकलेल्या गोष्टींसह येथे देत आहे.

ढीग म्हणजे साठवण नव्हे

पूर्वी घरात वर्षाला दोन-तीन लुगडी जुनी होत आणि उन्हाळ्यात तेवढ्यांची एक वाकळ होई. आवक आणि खप सारखा असे. आता साड्या जास्त आल्या, सदरे-विजारी जास्त झाल्या, आणि बाजारातली ब्लँकेटे घरात आल्याने शिवण कमी झाली. म्हणून बोचकी फुगत चालली आहेत. तेव्हा आधी हिशेब करावा की आपल्याला लागते किती.

नऊवारी लुगडे म्हणजे २७ फूट. माणसाच्या गोधडीला पावणेसात फूट लांबी पुरते. म्हणजे एका लुगड्याचे बरोबर चार तुकडे होतात. पन्हा सुमारे ४५ इंच धरला तर एकट्याने पांघरायची गोधडी त्या पन्ह्यात बसते. पण जुन्या लुगड्यातला एखादा तुकडा विरलेला निघतोच, म्हणून एका लुगड्याचे तीन तुकडे धरावेत. सहावारी साडी १८ फूट भरते. तिचे दोन तुकडे होऊन साडेचार फूट उरते. त्यात बाळाचे दुपटे सहज होते.

उन्हाळ्याच्या पातळ गोधडीला चार थर पुरतात, थंडीच्या गोधडीला सहा-सात. म्हणजे थंडीची एक गोधडी म्हणजे दोन नऊवारी लुगडी आणि वर थोडे. दोघांची रुंद गोधडी हवी तर याच्या दुप्पट. पाच माणसांच्या घरात वर्षाला दोन गोधड्या शिवून होत असतील, तर तीन वर्षांचे कापड म्हणजे बारा-पंधरा लुगडी एवढाच साठा ठेवावा. त्याहून जास्त झाले तर शिवणाऱ्या शेजारणीला द्यावे. पडून कुजण्यापेक्षा दुसऱ्याच्या अंगावर गेलेले बरे.

निवड : कोणते ठेवायचे, कोणते नाही

प्रत्येक कापड उजेडापुढे धरावे. थोडे विरलेले असले तरी हरकत नाही. उलट विरलेले सुती कापड मऊ असते आणि आतल्या थराला तेच चांगले. पण दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ताणल्यावर टर्रकन् फाटले, तर ते कापड संपले असे समजावे. ते आत घातले तर पहिल्याच धुण्यात त्याचे गोळे होतात. नऊवारीत बसण्या-उठण्याने मधला भाग आधी जातो, पदराकडचा टिकतो. म्हणून सबंध लुगडे टाकण्याआधी दोन्ही टोके तपासावीत.

दुसरी पारख सुताची. आज पुष्कळ साड्या आणि सदऱ्यांचे कापड पॉलिएस्टरचे किंवा मिश्र असते आणि डोळ्यांना ते सुतीच वाटते. कडेचे चार धागे काढून थाळीत ठेवून पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा येतो आणि मऊ करडी राख उरते. पॉलिएस्टर वितळते आणि काळा टणक मणी तयार होतो. रेशीम आणि लोकर जळताना केस जळाल्याचा वास येतो. ही पारख कडब्यापासून दूर, पाण्याचा तांब्या जवळ ठेवून करावी.

वितळणाऱ्या कापडाचे बोचके वेगळे बांधावे. त्याची गोधडी घाम टिपत नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. चुलीजवळ किंवा शेकोटीजवळ निजणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना ती देऊ नये. बैठकीवर अंथरायला चालेल.

तिसरी पारख रंगाची. पांढरी चिंधी ओली करून कापडावर दाबावी. रंग उतरला तर ते कापड दोन-तीनदा वेगळे धुवावे. तरीही रंग सोडत राहिले तर फिक्या कापडाशेजारी ठेवूच नये, साठवणीतही नाही. पावसाळ्यातल्या दमट हवेतही रंग एका कापडातून दुसऱ्यात उतरतो.

हे कापड गोधडीत मुळीच नको

शेतीखात्यातला माणूस म्हणून हे मी विशेष आग्रहाने सांगतो. फवारणीच्या वेळी घातलेला सदरा, डोक्याला बांधलेला पंचा, तोंडावर घेतलेले फडके हे कधीही गोधडीच्या बोचक्यात टाकू नये. औषधाचा अंश एक-दोन धुण्यांत पुरता निघून जातो असे नाही. बाळ दुपट्याचे टोक तोंडात घालते, हे लक्षात ठेवावे.

तीच गोष्ट बियाण्याच्या कापडी पिशव्यांची. कापड जाड आणि पांढरेशुभ्र असते, मोह होतो. पण त्यातले बियाणे बुरशीनाशक लावलेले असते. बियाण्याला गुलाबी, निळा असा रंग दिलेला असतो तो हे ओळखू यावे म्हणूनच. त्या पिशव्या अंथरुणात वापरू नयेत. फवारणीचे कपडे फाटेपर्यंत फवारणीलाच वापरावेत आणि ते वेगळ्या खुंटीवर, वेगळ्या बादलीत धुवावेत.

धुणे आणि वाळवणे

अंगातून काढलेले कापड तसेच बोचक्यात टाकू नये. घाम, तेल, हळद, दुधाचे डाग हे किडीचे खाद्य आहे. खळ तर विशेषच. कपाटातली ती चंदेरी चपळ कसर कापडापेक्षा खळीसाठी येते आणि खळ खाता खाता कापड कुरतडते. म्हणून साठवणीत घालायच्या लुगड्याची खळ कोमट पाण्यात भिजवून पुरती काढावी. साबणही नीट खळबळून काढावा. गाडगे महाराजांना (१८७६–१९५६) काही भागांत लोक गोधडे महाराज म्हणत. त्यांच्या अंगावर चिंध्या असत, पण त्यांच्या हातातला खराटा कधी सुटला नाही. चिंधी असली तरी स्वच्छ असावी, एवढे त्यांच्याकडून घ्यावे.

आता वाळवण. धान्याला आपण दाताची पारख लावतो. कापडाला गालाची पारख लावावी. वाळलेले वाटणारे कापड गालाला लावले आणि गार लागले, तर आत ओल आहे. काठ, शिवणी, खिसे आणि विजारीचे नेफे उशिरा वाळतात, म्हणून पारख तेथेच करावी. सुती कापड हवेतला ओलावा सारखा घेत-सोडत असते. चांगल्या वाळलेल्या कापडातही सुमारे ७ टक्के ओलावा असतो आणि त्याने काही बिघडत नाही. पण हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली, की बुरशी धरू लागते. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळाभर हीच स्थिती असते.

उन्हातून काढलेले कापड गरम असताना बांधू नये. गरम धान्य पोत्यात भरले तर आत घाम धरतो, तसेच येथेही होते. तासभर सावलीत पसरून निवू द्यावे, मग घडी घालावी. पक्क्या रंगाचे सुती कापड कडक उन्हात उलटसुलट करावे. गडद रंगाचे आणि रेशमी कापड उलटे करून सावलीतल्या वाऱ्यावर वाळवावे, नाहीतर ऊन त्याचा रंग खाते.

प्रतवारी : पाच वाटण्या

आक्कांच्या घरी मी पाहिले. त्यांच्या कापडाच्या पाच वाटण्या असतात आणि अंधारातही त्यांचा हात बरोबर जातो.

१. वरखालच्या थरांचे कापड : सबंध, धड, पक्क्या रंगाचे. पावणेसात फुटांचे तुकडे आधीच करून ठेवलेले.

२. आतली भर : विरलेली सुती लुगडी, धोतरे, चादरी. रंगाला महत्त्व नाही, पण फिका रंग बरा, म्हणजे वरून गडद छाया दिसत नाही.

३. दुपट्यांचे कापड : फक्त सुती, जुने, मऊ, रंग न सोडणारे. बटणे, हूक, जर काढून टाकलेले. ही वाटणी सर्वांत स्वच्छ ठेवायची.

४. काठ आणि पदर : इरकलीचे काठ, खणाचे तुकडे, पटक्याच्या किनारी. यांची वळकटी करून सुती दोऱ्याने बांधायची.

५. ठिगळे : वीतभर ते हातभर लांबीचे चौकोन. एकावर एक रचून दहा-दहाच्या जुड्या करायच्या.

वितेपेक्षा लहान चिंधी आक्का ठेवत नाहीत. लहान चिंध्या पायपुसण्यात भरतात. कापड ठेवण्याआधी त्याची बटणे, हूक आणि टाचण्या काढाव्यात. लोखंडाच्या गंजाचा डाग कापडातून निघत नाही आणि त्या जागी पुढे भोक पडते.

पैठणी किंवा जरीचे कापड असेल तर ते मऊ पांढऱ्या धुतलेल्या कापडात गुंडाळून वेगळे ठेवावे. दर वेळी घडी निराळ्या रेषेवर घालावी. एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिलेली जर आणि रेशीम तेथेच चिरते.

कशात ठेवावे, कुठे ठेवावे

सर्वांत चांगले म्हणजे धुतलेल्या सुती चादरीचे बोचके, आणि ते पत्र्याच्या पेटीत. चादरीतून कापडाला वारा लागतो आणि पेटीमुळे उंदीर दूर राहतो. पेटीला आतून गंज नाही ना, पाहावे. तळाला आणि कडेने जुने धोतर अंथरावे. पेटीत कापड ठासून भरू नये. वरची वीतभर जागा मोकळी ठेवावी.

पेटी नसेल तर फळीवर बोचकी ठेवावीत. ठिगळांच्या जुड्यांना १५ किलो तेलाचा डबा चांगला, पण तो गरम पाणी आणि सोड्याने धुऊन दोन दिवस उन्हात उपडा ठेवलेला असावा. झाकण घट्ट बसत असेल तर आत घालायचे कापड पुरते कोरडे पाहिजे, कारण आतली ओल बाहेर जायला वाट नसते. प्लॅस्टिकच्या पिशवीचेही तसेच आहे. माझी चूक तीच झाली. पिशवीने बाहेरचे पाणी थांबवले, पण घाईत भरलेल्या कापडातली ओलही आतच कोंडली.

जागा निवडताना पोत्यांचाच नियम. भुईपासून वीतभर वर, खाली विटा आणि त्यावर फळी. भिंतीपासून हातभर अंतर. वाळवी अंधाऱ्या, दमट मातीतून नळ्या करीत येते. अंतर असले की तिची नळी डोळ्यांना दिसते आणि वेळीच मोडता येते. मातीच्या भिंतीला टेकवलेले बोचके म्हणजे तिला घरातच वाट करून देणे. माळ्यावर ठेवायचे तर आधी कौले किंवा पत्रे गळत नाहीत ना, ते वळवाच्या पावसात पाहून घ्यावे.

भुईवर किंवा अडगळीत राहिलेल्या बोचक्यात एकदम हात घालू नये. आधी काठीने हलवावे, अंगणात ओढून उजेडात सोडावे. विंचवाला अशी जागा फार आवडते.

आणखी एक. घोंगडी आणि सुती जुनेर एकत्र ठेवू नये. लोकर खाणारी अळी वेगळी असते. ती लोकर आणि रेशीम खाते. स्वच्छ सुती कापड ती सहसा खात नाही, पण घोंगडीतून आली की शेजारच्या मळक्या कापडाला आणि रेशमी काठांना लागते. घोंगडी वेगळी ठेवावी आणि महिन्या-दोन महिन्यांनी उन्हात काठीने झोडपून काढावी.

विषाला हात लावू नका

कापडाला कीड लागेल म्हणून पुष्कळ घरांत धान्याचीच औषधे वापरली जातात. येथे मी हात जोडून सांगतो.

धान्यात ठेवायच्या विषारी वायूच्या गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड, या कपड्यांच्या पेटीत, कपाटात किंवा निजायच्या खोलीत कधीही ठेवू नयेत. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो. तो फटींतून शेजारच्या खोलीतही जातो आणि झोपेत माणसे दगावतात. या विषावर उतारा नाही. या गोळ्यांच्या विक्री-वापरावर कायद्याने निर्बंध आहेत ते यामुळेच.

जुन्या घरांत कधी कधी बी.एच.सी. पावडरीचा डबा अजून सापडतो. आपल्या देशात तिच्यावर १९९७ साली बंदी आली. तो डबा उघडू नये आणि कापडावर तर ती भुरभुरूच नये. तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारून त्याची विल्हेवाट लावावी.

डांबराच्या गोळ्यांबद्दलही सांगतो, कारण त्या निरुपद्रवी आहेत असा समज आहे. काही बाळांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचे द्रव्य जन्मतःच कमी असते. ते बाहेरून दिसत नाही. अशा बाळाला या गोळ्यांत ठेवलेले दुपटे गुंडाळले तर त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. म्हणून दुपट्यांच्या वाटणीत डांबराची गोळी नको म्हणजे नको. आधी ठेवलेल्या असतील तर ते कापड पुन्हा धुऊन, दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवून, वास पुरता गेल्यावरच वापरावे.

मग काय ठेवावे? सावलीत वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंडाचे तुकडे, सुती पुरचुंडीत बांधून. पाला मोकळा टाकू नये, कापडावर डाग पडतात. दर वर्षी तो बदलावा. पण हा पाला मदतनीस आहे, राखणदार नव्हे. खरी राखण स्वच्छता, कोरडेपणा आणि वरचेवर पाहणे हीच करतात.

चिठ्ठी आणि वही

बियाण्याच्या पोत्याला आपण जात, साल आणि शेत लिहून चिठ्ठी बांधतो. बोचक्यालाही बांधावी. पांढऱ्या कापडाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहावे आणि दोऱ्याने टाचावे. लोखंडी टाचणी लावू नये. चिठ्ठीवर चार गोष्टी असाव्यात : वाटणी कोणती, तुकडे किती, कोणत्या साली बांधले, आणि कापड कुणाचे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आमच्या बोचक्यातले निम्मे काठ कुणाच्या लुगड्याचे ते मला सांगता आले नाही, आणि सांगू शकणारे माणूस आता नाही. तुमच्या घरात सासूबाई, आजी, मोठ्या जाऊबाई असतील तर एक दुपार त्यांना मध्ये बसवा आणि बोचके सोडा. त्या सांगतील ते वहीत उतरवून घ्या. लिहिणे जमत नसेल तर घरातल्या मुलीकडून लिहवून घ्या, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

वापरताना आधी आलेले आधी काढावे. नवे बोचके खाली, जुने वर. आपण नेहमी वरचेच उचलतो आणि तळातले कुजते.

बचत गटांतून गोधड्या शिवून विकणाऱ्या भगिनींना हे दुप्पट लागू आहे. गटाच्या साठ्यात कुणाकडून कापड आले, ते फवारणीचे नाही ना, पुरते धुतले का, याची नोंद असावी. शहरातले गिऱ्हाईक गोधडी हातात घेतल्यावर आधी नाकाला लावते. कुबट वास आला तर टाका कितीही बारीक असला तरी ते खाली ठेवते.

वर्षाचे वेळापत्रक

मार्च-एप्रिल : रब्बीची मळणी उरकली की सगळी बोचकी अंगणात काढावीत. ऊन द्यावे, पारख करावी, फाटके काढून टाकावे, चिठ्ठ्या तपासाव्यात.

एप्रिल-मे : शिवणीचे दिवस. दुपार मोठी असते आणि कापड कोरडे असते.

मेअखेर, मृगाच्या आधी : उरलेल्याला शेवटचे ऊन देऊन, निववून, पाला बदलून पक्के बांधावे.

जून ते सप्टेंबर : बोचकी सोडू नयेत. सोडली की दमट हवा आत जाते. पंधरा दिवसांनी बाहेरून मात्र पाहावे, खाली माती किंवा लेंड्या दिसतात का, वास येतो का. चांगली उघडीप पडली तर दोन तास वारा द्यावा.

नवरात्राआधी : घरातले सगळे अंथरूण-पांघरूण नदीवर, विहिरीवर धुवायला निघते. त्या वेळी पाऊस पुरता गेलेला नसतो. अर्धवट वाळलेले जुनेर त्याच घाईत बोचक्यात जाते आणि तेथेच पुढच्या नुकसानीला सुरुवात होते. त्या धुण्यातले कापड दोरीवरच राहू द्यावे. ऑक्टोबरचे ऊन मिळाल्यावर बांधावे.

डिसेंबर : एकदा सोडून पाहावे, घडी बदलावी.

वर्षातून दोन दिवसांचे काम आणि अधूनमधून एक नजर. यापेक्षा जास्त काही लागत नाही.

आमच्या तीन लुगड्यांचे काय झाले ते सांगतो. आक्कांनी आणि सौ.ने ती दोनदा धुतली, आठ दिवस उन्हात घातली. मगच कात्री लावली. त्यांतून बाळाला चार दुपटी झाली आणि एक लहान वाकळ. वाळवीने सोडलेल्या काठांपैकी जे धड होते त्यांची किनार त्या वाकळेला लावली. हिरवा काठ मात्र वीतभरच उरला होता. तो सौ.ने वाकळेच्या कोपऱ्यात, धावदोऱ्याची सुरुवात केली तेथे बसवला. नात आता दहा महिन्यांची आहे. रांगत जाते आणि नेमका तोच कोपरा तोंडात घालते.

उरलेली एक जुडी मी स्वतः डब्यात ठेवली आहे. चिठ्ठीवर माझ्या हाताने लिहिले आहे : "आईची लुगडी. काठाचे तुकडे, सात." डबा फळीवर आहे, भिंतीपासून हातभर.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा मळणी उरकत आली असेल आणि मृगाला अजून अवकाश असेल. येत्या चांगल्या उन्हाच्या दिवशी घरातले एक बोचके अंगणात आणून सोडा. बाकीचे आपोआप सुचेल.